हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा खर्च : आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी आणि विकसनशील देश

अवर्षण, अतिवृष्टी, महापूर आणि चक्रीवादळे ही संकटे मानवाला नवी नाहीत. त्यांच्याशी झुंज देतच शेतीची, जलसिंचनाची आणि गावगाड्याची घडी बसत गेली. परंतु गेल्या काही दशकांत या संकटांच्या वारंवारतेत व तीव्रतेत जो पालट दिसून येत आहे, त्याच्या मुळाशी मानवी उद्योगांतून वातावरणात साठलेले हरितगृह वायू आहेत, हे आता शास्त्रीय दृष्ट्या निर्विवाद ठरले आहे. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३३० ते ३६० कोटी लोक या बदलाचा मोठा धोका असलेल्या परिस्थितीत जीवन कंठीत आहेत. त्यांतील बहुसंख्य लोक विकसनशील देशांतील आहेत.

या प्रश्नाला सामोरे जाण्याचे दोन मार्ग आहेत. वातावरणात जाणाऱ्या वायूंचे प्रमाण कमी करणे हा पहिला मार्ग असून त्यास शमन असे म्हणतात. जो बदल घडून आला आहे व जो आता टळणे शक्य नाही, त्याच्याशी जुळवून घेणे हा दुसरा मार्ग असून त्यास अनुकूलन अशी संज्ञा आहे. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध उंच करणे, कमी पावसातही तग धरणारे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचविणे, वादळाची पूर्वसूचना शेवटच्या वस्तीपर्यंत जाईल अशी व्यवस्था करणे, ही सर्व अनुकूलनाची कामे होत. या कामांना पैसा लागतो. हा पैसा कोणी द्यावा, तो किती येतो, कोणत्या स्वरूपात येतो आणि अखेरीस कोठपर्यंत पोचतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दान नव्हे, दायित्व

१९९२ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार स्वाक्षरीसाठी खुला करण्यात आला. हा करार १९९४ साली अमलात आला. सर्व राष्ट्रांची जबाबदारी समान आहे, परंतु तिचा वाटा भिन्न आहे, हे या कराराचे मूलतत्त्व होय. ज्यांनी दीडदोनशे वर्षे कोळसा व तेल जाळून आपली औद्योगिक उन्नती साधली, त्यांचा वाटा अधिक, असा त्याचा सरळ अर्थ. कराराच्या चौथ्या अनुच्छेदात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांना विशेष बळी पडू शकणाऱ्या विकसनशील देशांना अनुकूलनाचा खर्च भागविण्यास विकसित देशांनी साहाय्य करावे, असे स्पष्ट बंधन घालण्यात आले आहे. २०१५ च्या पॅरिस करारातही या बंधनाचा पुनरुच्चार झाला असून शमन व अनुकूलन या दोहोंसाठी मिळणाऱ्या निधीत समतोल असावा, असे त्याच्या नवव्या अनुच्छेदात म्हटले आहे.

दायित्व आणि दान यांतील भेद महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या काळात राज्याने रोजगार हमी योजना व्यापक प्रमाणावर हाती घेतली, तेव्हा तिचा खर्च कसा भागवावा हा प्रश्न उभा राहिलाच होता. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला आणि नगरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्याकडून येणारा कर ग्रामीण भागातील रोजगाराच्या कामी आला. राज्य शासनानेही आपला वाटा त्यात घातला. पुढे १९७७ च्या अधिनियमाने या योजनेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. शहरातील कारकुनाच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी रक्कम ही दुष्काळी भागातील मजुरावर केलेली मेहेरबानी नव्हती. एका समाजाने आपल्या दुर्बल घटकांप्रती मान्य केलेले ते कर्तव्य होते आणि त्यासाठी उत्पन्नाचा निश्चित स्रोत बांधून देण्यात आला होता.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात कर्तव्य मान्य झाले, परंतु निश्चित स्रोत मात्र, एका लहानशा अपवादाखेरीज, बांधला गेला नाही. दरवर्षी धनिक राष्ट्रांच्या संसदांनी आपापल्या अर्थसंकल्पांत जी तरतूद करावी, तीवरच सारा व्यवहार अवलंबून राहिला. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

निधींची रचना

२००१ साली मोरोक्कोतील माराकेश येथे भरलेल्या परिषदेत तीन निधी स्थापन करण्याचे ठरले. अल्पविकसित राष्ट्र निधी आणि विशेष हवामान बदल निधी या दोन निधींचा कारभार जागतिक पर्यावरण सुविधा या संस्थेकडे सोपविण्यात आला. तिसरा अनुकूलन निधी हा होय. वर उल्लेखिलेला अपवाद याच निधीच्या बाबतीत आढळतो. क्योटो करारान्वये विकसनशील देशांतील स्वच्छ प्रकल्पांना कार्बन घटविल्याबद्दल प्रमाणपत्रे मिळत व ती धनिक देशांतील उद्योग विकत घेत. या प्रमाणपत्रांपैकी २ टक्के प्रमाणपत्रे अनुकूलन निधीसाठी राखून ठेवण्यात येत. हा एक प्रकारचा आंतरराष्ट्रीय करच होता. त्याच्या विक्रीतून निधीला एकूण सुमारे २० कोटी डॉलरच्या घरात रक्कम मिळाली. परंतु २०१२ च्या सुमारास या प्रमाणपत्रांचा बाजार कोसळला, त्यांचा भाव नाममात्र उरला आणि या निधीलाही देशोदेशींच्या ऐच्छिक वर्गणीकडे वळावे लागले. निधीने वर्षाला ३० कोटी डॉलर जमविण्याचे लक्ष्य ठेवले असता २०२४ साली त्याच्या निम्म्याइतकीही आश्वासने पदरात पडली नाहीत. पॅरिस करारान्वये जो नवा कार्बन बाजार आकारास येत आहे, त्यातील ५ टक्के हिस्सा अनुकूलनासाठी राखून ठेवण्याचा निर्णय २०२१ साली ग्लासगो येथे झाला. त्याची फळे दिसण्यास मात्र अवधी लागेल.

अनुकूलन निधीने आणखी एक महत्त्वाचा पायंडा पाडला. पूर्वी असा पैसा जागतिक बँक वा संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांच्यामार्फतच येत असे. या निधीने विकसनशील देशांतील राष्ट्रीय संस्थांना अधिस्वीकृती देऊन त्यांना थेट पैसा देण्याची पद्धत सुरू केली. निधीच्या १६ सदस्यांच्या मंडळावर विकसनशील देशांच्या प्रतिनिधींचे बहुमत आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या सर्वांहून मोठा निधी म्हणजे हरित हवामान निधी. २०१० साली मेक्सिकोतील कानकुन येथे त्याच्या स्थापनेचा निर्णय झाला. त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियातील सोंगडो येथे आहे. आपल्या साहाय्याचा निम्मा भाग अनुकूलनासाठी द्यावा आणि त्यातीलही किमान निम्मा भाग अल्पविकसित देश, लहान द्वीपराष्ट्रे व आफ्रिकी देश यांच्या वाट्यास यावा, असे धोरण या निधीने स्वीकारले आहे. त्याच्या पहिल्या आठ प्रकल्पांना नोव्हेंबर २०१५ मध्ये झांबियातील लिव्हिंगस्टन येथील बैठकीत मान्यता मिळाली. मालदीवच्या बेटांवर गोड्या पाण्याची सोय करणे आणि मलावीत हवामानाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभारणे, हे प्रकल्प त्यांत होते.

या निधींखेरीज जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांसारख्या बहुराष्ट्रीय बँका आणि जर्मनी, जपान, फ्रान्स इत्यादी देशांच्या साहाय्य संस्था यांच्यामार्फतही पैसा येतो. प्रत्यक्षात मोठ्या रकमा याच वाटेने येतात. निधींची नावे वारंवार ऐकू येत असली, तरी एकूण प्रवाहात त्यांचा वाटा लहानच आहे.

रक्कम किती?

२००९ साली कोपनहेगन येथे विकसित देशांनी असे वचन दिले होते, की २०२० पर्यंत ते शमन व अनुकूलन या दोहोंसाठी मिळून दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करतील. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. धनिक देशांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्याच आकडेवारीप्रमाणे २०२० मध्ये ही रक्कम ८३.३ अब्ज डॉलर होती. २०२२ मध्ये ती ११५.९ अब्ज डॉलर झाली. म्हणजे वचनपूर्ती दोन वर्षे विलंबाने झाली. त्यातील अनुकूलनाचा हिस्सा एकतृतीयांशाहूनही कमी होता.

शमनाकडे पैसा अधिक का वळतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सौर वीजकेंद्रात घातलेला पैसा विजेच्या विक्रीतून परत मिळतो. म्हणून तेथे खाजगी भांडवलही येते. समुद्राचे पाणी अडविणारा बांध कोणतेही उत्पन्न देत नाही. त्यामुळे जी भाताची शेते नासली नाहीत, जी घरे वाहून गेली नाहीत, तीच त्याची कमाई होय. अशा कामाकडे भांडवलदार फिरकत नाही. यास्तव अनुकूलनाच्या बाबतीत सार्वजनिक पैशाला पर्याय नाही.

गरज व उपलब्धता यांतील अंतराचा लेखाजोखा संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्याच्या २०२५ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना अनुकूलनासाठी २०३५ च्या सुमारास वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील. याउलट २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय सार्वजनिक स्रोतांतून केवळ २६ अब्ज डॉलर उपलब्ध झाले, म्हणजे गरजेच्या बाराव्या हिश्शाइतकेच. विशेष म्हणजे ही रक्कम त्याआधीच्या वर्षापेक्षाही कमी होती. अनुकूलनाचा निधी २०१९ च्या तुलनेत २०२५ पर्यंत दुप्पट करावा, असे आवाहन ग्लासगो परिषदेने केले होते. दुप्पट म्हणजे सुमारे ४० अब्ज डॉलर. वरील आकडा पाहता तेथपर्यंतची मजल किती लांबची होती, याची कल्पना येईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे, विकसित देशांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे नवे लक्ष्य ठरले. ही रक्कम अपुरी असल्याचे सांगून भारताने त्या निर्णयास जाहीर आक्षेप घेतला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील बेलेम येथील परिषदेने अनुकूलनाचा निधी २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्यासाठी प्रयत्न व्हावेत, असे आवाहन केले आहे. याच वर्षी अनेक धनिक देशांनी आपल्या परदेशी साहाय्याला कात्री लावली, ही वस्तुस्थितीही दृष्टिआड करून चालणार नाही.

हिशेबातील मतभेद

रकमेबद्दल बोलताना तिची गणना कशी होते, हेही पाहिले पाहिजे. कोणता खर्च हवामानासाठी झाला हे ठरविण्याची सर्वमान्य व्याख्या नाही. बहुधा देणारा देशच आपल्या प्रकल्पावर तशी खूण करतो व आकडा कळवितो. २०१५ साली विकसित देशांच्या वतीने, २०१४ मध्ये सुमारे ६२ अब्ज डॉलर दिल्याचा दावा करण्यात आला, तेव्हा भारताच्या अर्थ मंत्रालयाने त्याची छाननी करून प्रत्यक्षात खात्रीलायक म्हणता येईल असा आकडा २.२ अब्ज डॉलर इतकाच असल्याचे निदर्शनास आणले होते. ऑक्सफॅम या संस्थेनेही २०२० च्या ८३.३ अब्ज डॉलरांचे खरे मोल फार तर २४.५ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला. कर्जाची संपूर्ण रक्कम साहाय्य म्हणून धरणे आणि ज्या प्रकल्पात हवामानाचा भाग अल्प आहे त्याचाही मोठा खर्च मोजणे, ही या तफावतीची मुख्य कारणे होत.

कधी कधी ही गणना विनोदाच्या सीमेपर्यंत जाते. २०२३ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने केलेल्या तपासात असे आढळून आले, की आशियात चॉकलेट व आइस्क्रीमची दुकाने उघडण्यास दिलेले इटलीचे साहाय्य, हैतीतील समुद्रकाठच्या हॉटेलच्या विस्तारासाठी अमेरिकेने दिलेले कर्ज आणि बांगलादेशातील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रास जपानने दिलेले कर्ज, हे सर्व हवामान निधी म्हणून नोंदविण्यात आले होते. नियमाचा यात भंग झाला नव्हता, कारण नियमच सैल होते.

अनुदान की कर्ज?

दुसरा महत्त्वाचा प्रश्न पैशाच्या स्वरूपाचा. २०२२ मध्ये विकसित देशांकडून हवामानासाठी आलेल्या सार्वजनिक पैशापैकी सुमारे ६९ टक्के रक्कम कर्जरूपाने होती. अनुदानाचा वाटा सुमारे २८ टक्के होता. कर्ज सवलतीचे असले तरी ते फेडावे लागते. ज्या बांधापासून उत्पन्न मिळत नाही, त्याच्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता शाळा, दवाखाने व रस्ते यांच्या तरतुदीतूनच द्यावा लागतो. डॉलरचा भाव वाढला म्हणजे हप्त्याचा बोजाही वाढतो. ज्याने हानी केली नाही त्याने हानीपासून बचाव करण्यासाठी कर्ज काढावे व व्याजासह फेडावे, ही गोष्ट १९९२ च्या कराराच्या मूलतत्त्वाशी कितपत जुळते, असा प्रश्न विकसनशील देश विचारीत आले आहेत.

या संदर्भात बांगलादेशाचे उदाहरण बोधप्रद आहे. १९७० च्या चक्रीवादळात तेथे तीन ते पाच लाख माणसे दगावली. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार बळी गेले. २००७ च्या सिद्र वादळातील बळींची संख्या सुमारे ३,४०० होती आणि त्यानंतरच्या मोठ्या वादळांत ती आणखी खाली आली. १९७२-७३ पासून उभे राहिलेले स्वयंसेवकांचे जाळे, पूर्वसूचनेची सुधारलेली व्यवस्था, किनाऱ्यावरील बांध आणि एरवी शाळा म्हणून वापरले जाणारे आश्रयनिवारे, यांचे हे फळ होय. बांधांच्या व निवाऱ्यांच्या कामी परदेशी पैसा मोठ्या प्रमाणावर आला. जागतिक बँकेने २०१३ साली किनारी बांधांच्या सुधारणेसाठी ४० कोटी डॉलरचा व २०१४ साली बहुउद्देशीय निवाऱ्यांसाठी साडेसदतीस कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. परंतु यातील बहुतांश रक्कम सवलतीच्या कर्जाची होती. बांगलादेशाने २०१० च्या कायद्यान्वये स्वतःच्या अर्थसंकल्पातून हवामान बदल विश्वस्त निधीही चालविला आहे. लक्षावधी प्राण वाचले, ही थोर गोष्ट आहे. मात्र त्याची किंमत मुख्यतः त्याच देशाच्या करदात्याने मोजली व पुढेही तो मोजणार आहे.

पैसा कोठपर्यंत पोचतो?

तिसरा प्रश्न पैसा अखेरच्या माणसापर्यंत पोचण्याचा आहे. लंडनच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण व विकास संस्थेने २०१७ साली केलेल्या पाहणीनुसार, २००३ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय हवामान निधींनी मंजूर केलेल्या दर दहा डॉलरांतील एका डॉलरहूनही कमी रक्कम स्थानिक पातळीवरील कामांसाठी होती. सल्लागारांचे शुल्क, मध्यस्थ संस्थांचा व्यवस्थापन खर्च, मंजुरीला लागणारी वर्षे आणि लहान प्रकल्पांबद्दलची अनास्था, ही त्याची कारणे होत. पन्नास गावांना पाच कोटी डॉलर देण्यापेक्षा एका मोठ्या धरणाला ते देणे कचेरीच्या दृष्टीने सोपे असते.

तथापि चांगली उदाहरणेही आहेत. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाचा प्रकल्प हा अनुकूलन निधीकडून राष्ट्रीय संस्थेला थेट मिळालेला पहिला प्रकल्प होय. २०१० साली मंजूर झालेल्या सुमारे ८६ लाख डॉलरच्या या अनुदानातून रुफिस्क, साली आणि जोआल या किनारी गावांत कामे झाली. रुफिस्क येथे वस्तीचे रक्षण करणारी भिंत बांधण्यात आली. साली येथे कोळ्यांसाठी सोयी झाल्या, तर जोआल येथे भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून बंधारा घालण्यात आला. आपल्या कोकणातील खारबंधाऱ्यांशी परिचित असलेल्या वाचकास या कामाचे मोल सांगावयास नको. हा प्रकल्प सेनेगलच्याच पर्यावरणविषयक संस्थेने राबविला, ही त्यातील विशेष गोष्ट होय.

भारत व महाराष्ट्र

भारत अनुकूलनाचा बहुतेक खर्च स्वतःच करतो. २०२३ साली भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या निवेदनानुसार २०२१-२२ मध्ये अनुकूलनाशी निगडित खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.६ टक्के इतका होता. त्या तुलनेत बाहेरून येणारा पैसा अल्प आहे. मात्र नवे प्रयोग करण्यास व चांगल्या पद्धती रुजविण्यास त्याचा उपयोग होऊ शकतो.

मुंबई येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेस, म्हणजेच नाबार्डला, २०१२ साली अनुकूलन निधीची व २०१५ साली हरित हवामान निधीची अधिस्वीकृती मिळाली. तिच्यामार्फत आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने सुमारे ६ लाख ८९ हजार डॉलरच्या अनुदानातून कांदळवने वाढविण्याचे आणि त्यांच्या जोडीने मत्स्यशेती करण्याचे काम केले. ओडिशाच्या आदिवासी भागात तळ्यांद्वारे भूजल पुनर्भरण व सौर सिंचन यांसाठी हरित हवामान निधीने २०१७ साली ३ कोटी ४४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले.

महाराष्ट्रात कर्ज व अनुदान या दोन्ही प्रकारांची उदाहरणे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १३ कोटी डॉलर असून उर्वरित भार मुख्यतः राज्यांनी उचलावयाचा आहे. कांदळवनांचे व अन्य किनारी परिसंस्थांचे पुनरुज्जीवन आणि त्यांवर आधारित खेकडापालन, कालवपालन यांसारखे व्यवसाय, ही त्याची मुख्य अंगे आहेत. वादळाच्या लाटेचा जोर कांदळवन शोषून घेते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाचा तडाखा सोसलेल्या रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील ग्रामस्थांना अशा हिरव्या तटबंदीची आवश्यकता पटवून द्यावी लागणार नाही.

दुसरे उदाहरण नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे. सुमारे ६० कोटी डॉलर खर्चाच्या या प्रकल्पास जागतिक बँकेने २०१८ साली ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाड्यातील आठ, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांचा त्यात समावेश करण्यात आला. त्यांपैकी नऊशेहून अधिक गावे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील आहेत. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असल्यामुळे विहिरीवर ओलीत करता येत नाही. पावसाने ओढ दिली की उभे पीक वाळते. तेथे शेततळ्यात साठविलेले पावसाचे गोडे पाणी एका संरक्षित पाळीपुरते मिळाले, तरी हंगाम हाती लागतो. म्हणून या गावांसाठी शेततळे हे अनुकूलनाचे सर्वांत समर्पक साधन होय.

या प्रकल्पाची कार्यपद्धती पंचायत सदस्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून सूक्ष्म नियोजन आराखडा करणे, ग्रामपंचायतीच्या अंतर्गत ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन करून तिच्याकडे निवडीचे काम सोपविणे आणि अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करणे, असा तिचा क्रम आहे. येथे शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम त्याच्या दृष्टीने अनुदान असली, तरी राज्याच्या दृष्टीने ती कर्ज आहे. तिची परतफेड राज्याच्या तिजोरीतून होणार आहे. म्हणूनच वापराविना पडून राहिलेले शेततळे किंवा पहिल्या वाऱ्यात फाटलेले शेडनेट हा केवळ एका शेतकऱ्याचा तोटा नसतो. त्याचा हप्ता सर्वांना भरावा लागतो.

स्थानिक पातळीवरील पूर्वतयारी

सोंगडो वा वॉशिंग्टन येथील कचेरीकडे कोणत्याही ग्रामपंचायतीस थेट अर्ज करता येत नाही. मग गावाने काय करावे, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. प्रस्तावाची छाननी करताना हे निधी एक गोष्ट कटाक्षाने पाहतात. मागितलेला पैसा सर्वसाधारण विकासासाठी आहे, की हवामान बदलामुळे वाढलेल्या गरजेसाठी? उदाहरणार्थ, ओढ्यावर साकव बांधणे हे विकासाचे काम झाले. पुराची पातळी पूर्वीपेक्षा वाढल्यामुळे तोच साकव अधिक उंच व भक्कम करावा लागणे, हा अनुकूलनाचा अतिरिक्त खर्च झाला. परंतु पातळी वाढली, हे सिद्ध कशाने करावयाचे? त्यासाठी नोंदी हव्यात आणि नोंदी गावातच होतात.

महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु एकाच मंडळातील दोन गावांत पाऊस सारखा पडतोच असे नाही. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवविणे शिक्षकांना सहज शक्य आहे. गावातील चार-सहा विहिरींची पातळी ठरावीक तारखांना मोजणे, पुराचे पाणी कोठवर आले याची खूण दगडी भिंतीवर सालासह करून ठेवणे, पिकांच्या व घरांच्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या दप्तरात वर्षवार लावणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही. दहा वर्षांची अशी नोंद असलेले गाव आणि अशी नोंद नसलेले गाव यांत, जेव्हा राज्य शासन वा नाबार्ड प्रकल्पासाठी गावे निवडू लागते, तेव्हा मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट देखभालीची. परदेशी निधी बांधकामासाठी पैसा देतो, डागडुजीसाठी सहसा देत नाही. बंधाऱ्याचा गाळ कोणी काढावयाचा, पूर्वसूचनेच्या भोंग्याची बॅटरी कोणी बदलावयाची, हे ग्रामसभेने आरंभीच ठरविले नाही, तर पाच वर्षांत ते काम निरुपयोगी होते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्यासाठी दरवर्षी थोडी तरी तरतूद असणे आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. प्रकल्पाची एकूण रक्कम किती, तीत अनुदान किती व कर्ज किती, गावाच्या वाट्यास काय आले आणि लाभार्थींची निवड कोणत्या निकषावर झाली, ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविण्याची प्रथा पडली पाहिजे. भूमिहीन मजूर, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया व मच्छीमार कुटुंबे यांना हवामानाचा फटका सर्वांत आधी बसतो. सातबारा नावावर नाही म्हणून ती यादीबाहेर राहत नाहीत ना, हे पाहण्याची जागा ग्रामसभा हीच होय. तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनीही कामांच्या संख्येबरोबर, त्यांतील किती कामे पुढील टंचाईच्या वर्षात उपयोगी पडली, याचा आढावा घेणे इष्ट ठरेल.

सारांश

तीन दशकांपूर्वी जगातील राष्ट्रांनी एक दायित्व मान्य केले. ते पार पाडण्यासाठी अनेक निधी निर्माण झाले. परंतु त्यांना कायम उत्पन्नाचा आधार न मिळाल्यामुळे रक्कम गरजेच्या मानाने फार तोकडी राहिली, तिचा मोठा भाग कर्जरूपाने आला आणि गावापर्यंत तिचा लहानसा अंश पोचला. ही स्थिती बदलण्यासाठी भारत व अन्य विकसनशील देश आंतरराष्ट्रीय परिषदांत जो आग्रह धरीत आहेत, तो न्याय्य आहे. ज्यांची हानी आता टळू शकत नाही, अशांसाठी २०२२ साली इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथे स्वतंत्र निधीचा निर्णय झाला व २०२३ मध्ये दुबई येथे तो कार्यान्वित करण्यात आला, हे त्या आग्रहाचेच फलित होय.

बाहेरचा पैसा वाढेल तेव्हा वाढो. पावसाची ओढ व खाडीची भरती त्यासाठी थांबणार नाहीत. जो पैसा आज येत आहे, त्यातील प्रत्येक रुपया बांधाच्या उंचीत, तळ्याच्या पाण्यात आणि वेळेवर मिळालेल्या सूचनेत उतरतो की नाही, हे पाहणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. गावोगावच्या नोंदी व चोख हिशेब जितके सबळ असतील, तितकी जागतिक व्यासपीठावरील आपल्या देशाची मागणीही सबळ होईल.